स्वातीचा तारा: गच्चीवर दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये लाईट गेली की आमच्या बिल्डिंगची निम्मी माणसं गच्चीवर चटया टाकतात आणि मग कोणीतरी वर बोट करून विचारतंच, "तो केशरी कोणता रे?" मी गेली काही वर्षं तेच तेच सांगतोय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. नाशिकच्या हिशोबाने लिहिलंय, वेळा पण इथल्याच आहेत. आणि हो, तारा म्हटलं की "तो" आणि स्वाती म्हटलं की "ती", मी दोन्ही वापरतो, त्यावरून भांडू नका.

डोक्यावर दिसणारा तो केशरी तारा नक्की कोणता?

स्वाती. इंग्रजी पुस्तकांत आणि मोबाइलच्या ॲपमध्ये आर्क्टुरस नाव दिसेल, ग्रीक शब्द आहे, अर्थ अस्वलाचा राखणदार. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो त्याला ते लोक मोठं अस्वल म्हणतात आणि हा त्याच्या मागेमागे फिरतो म्हणून राखणदार. तारकासमूहाचं आपलं नाव भूतप.

रात्रीच्या आकाशात व्याध, अगस्त्य आणि मित्र यांच्यानंतर चौथा नंबर हिचा. पण मित्र हा एकटा तारा नाही, जवळजवळचे दोन तारे डोळ्यांना एकच दिसतात, त्यांना वेगळं मोजलं तर स्वाती तिसरी येते. आकाशाच्या उत्तर अर्ध्या भागात मात्र पहिलीच, अभिजित अगदी थोडक्यात मागे राहतो.

शोधायचा कसा? ॲप नाहीये माझ्याकडे.

नकोच ॲप. सप्तर्षी सापडतात ना? चौकोन आणि त्याला वाकडी शेपटी. शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, शेजारी बारीक अरुंधती, आणि टोकाचा मरीची. आता शेपटी ज्या बाजूने वाकलीये तसंच तिला वाकवत पुढे न्या, मरीचीपासून साधारण तीन मुठी (हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती दहा अंश झाकते) गेलं की पहिला ठसठशीत केशरी तारा लागतो तो स्वाती. तसंच अजून तीन-सव्वातीन मुठी पुढे गेलात तर निळसर पांढरी चित्रा. चुकायला जागाच नाही, कारण त्या पट्ट्यात दुसरं एवढं ठळक काहीच नाहीये, मंगळ किंवा गुरू तिकडे चित्राच्या बाजूला येऊन बसला असेल तेवढीच काय ती गडबड.

नाशिकहून कधी दिसतो?

मार्चच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला, किंचित उत्तरेकडे सरकून उगवतो. ती बाजू आपल्याकडे साधारण ओझरची, त्यामुळे पंचवटीकडचे लोक त्याला हमखास विमान समजतात, त्यात क्षितिजाजवळ असताना तो लाल-हिरवा-पांढरा असा लुकलुकत असतो. लाल-हिरवं काही नसतं त्याच्यात, आपल्या हवेचे चाळे ते, वर चढला की शांत होतो.

बरोब्बर डोक्यावर यायची वेळ अशी: एप्रिलच्या शेवटी रात्री सव्वाबारा, मेच्या मध्यात सव्वाअकरा, मे संपताना सव्वादहा, १५ जूनला सव्वानऊ. रोज चार मिनिटं आधी, म्हणजे महिन्याला दोन तास, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. जूननंतर ढग, काय दिसायचं ते नशिबावर. ढग मोकळे होईपर्यंत सप्टेंबर येतो आणि तोवर तो पश्चिमेला उतरलेला असतो, सप्टेंबरअखेरीला नऊच्या आत मावळतो.

"बरोब्बर डोक्यावर" म्हणजे खरंच डोक्यावर, की बोलायची पद्धत?

खरंच डोक्यावर. नाशिकचा अक्षांश २० अंश आणि या ताऱ्याचं आकाशातलं स्थान विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या टाळूच्या सरळ रेषेपासून जेमतेम एक अंश दक्षिणेकडून तो जातो. हात लांब करून करंगळी धरा, तिची जाडी झाकते तेवढंच अंतर. गच्चीवर उताणं पडल्याशिवाय हे कळत नाही, उभं राहून बघायला गेलात तर मान मोडते आणि तरी वाटतं की थोडा मागेच आहे. मागच्या मेमध्ये मावशीला चटईवर झोपवून दाखवला तर म्हणाली, "अगं बाई, हा तर माझ्या नाकावर पडेल."

मुंबईच्या तर अजून नेमका माथ्यावरून जातो, अक्षांशच १९च्या जरासा वर आहे त्यांचा. पण त्यांना तिथं आकाश दिसतं कुठं.

आता गंमत बघा, हवाई बेटंही साधारण याच अक्षांशावर आहेत. तिथले जुने दर्यावर्दी या ताऱ्याला होकुलेआ म्हणायचे, आनंदाचा तारा. लांबच्या समुद्रातून परत येताना हा तारा माथ्यावरून जायला लागला की समजायचं आपण घरच्या अक्षांशाला आलो, आता आडवं वळायचं. १९७६ साली त्याच नावाची जुन्या पद्धतीची होडी बांधून ते लोक हवाईहून ताहितीला गेले होते, होकायंत्र वगैरे काही न वापरता, माऊ पियाइलुग नावाचा वाटाड्या होता बरोबर. म्हणजे जो तारा आपण गच्चीवर डास मारत बघतो तो कुणाच्यातरी घराचा पत्ता होता.

तो केशरी का दिसतो? थंड आहे का?

सूर्यापेक्षा थंड, हो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५७७० केल्विन (केल्विन हे तापमानाचं माप), स्वातीचा ४२९०च्या आसपास. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग केशरी, मग पिवळं, मग पांढरं होतं तोच हिशोब. शेजारी चित्रा २०,००० केल्विनच्या वर आहे म्हणून ती निळसर.

रंग पटत नसेल तर एक करा, साधी दुर्बीण घ्या (पक्षी बघायची चालेल) आणि फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याचा ठिपका फुगून छोटी चकती होते आणि रंग एकदम उठून दिसतो. स्वातीची चकती अगदी पिकत आलेल्या आंब्याच्या सालीसारखी, तिथून दुर्बीण सरळ चित्रावर न्या, ती ट्यूबलाईटसारखी. हे बघितल्यावर परत कोणी "सगळे तारे पांढरेच" म्हणत नाही, मी डझनावारी लोकांवर करून पाहिलंय.

थंड आहे तर मग एवढा झगझगीत कसा?

कारण मोठा आहे. स्वातीचा व्यास सूर्याच्या साधारण २५ पट, म्हणजे साडेतीन कोटी किलोमीटर. हिशोब सोपा आहे: व्यास २५ पट म्हणजे पृष्ठभाग २५ गुणिले २५, सव्वासहाशे पट. थंड असल्यामुळे प्रत्येक चौरस मीटरमधून सूर्याच्या जेमतेम ३० टक्के ऊर्जा बाहेर पडते. सव्वासहाशेचे ३० टक्के काढा, पावणेदोनशे-दोनशेच्या घरात उत्तर येतं, आणि मोजमापातही सूर्याच्या सुमारे १७० पट तेज असंच सांगतात. त्यातलं बरंचसं तर डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जातं.

सूर्याच्या जागी स्वाती ठेवली तर आपल्याला ती आकाशात १३ अंश रुंद दिसेल, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा मोठी. म्हणजे दिसेल असं म्हणायचं, बघायला आपण शिल्लक असू असं नाही. बुधाला मात्र गिळणार नाही, बुध बराच लांब आहे.

राक्षसी तारा म्हणजे वजनानेही राक्षस?

इथंच सगळ्यांची गाडी घसरते आणि मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच आहे.

नाही! स्वातीचं वस्तुमान सूर्याच्या फक्त १.१ पट धरतात. म्हणजे जवळपास सूर्याएवढंच सामान, पण फुगवून २५ पट रुंदीत पसरवलेलं. सरासरी घनता काढली तर ती आपण श्वास घेतो त्या हवेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरते. ही सरासरी बरं का, मधला गाभा भयंकर दाट आहे आणि बाहेरचा सगळा पसारा विरळ, म्हणजे कोयीत सगळं वजन आणि भोवती नुसता वाफेचा आंबा असं काहीतरी.

गुरुत्वाकर्षण पण बघा. सूर्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या २८ पट असतं. स्वातीच्या पृष्ठभागावर ते सूर्याच्या सहाशेवा हिस्सा, म्हणजे पृथ्वीच्या विसाव्या भागाच्या आसपास. चंद्रावर तरी सहावा भाग असतो, म्हणजे इथं चंद्रापेक्षाही हलकं वाटेल! एवढा अवाढव्य तारा आणि स्वतःच्या बाहेरच्या थरांना नीट धरून पण ठेवता येत नाही त्याला, त्यातलं थोडं थोडं सतत अवकाशात निसटत असतं.

मग सूर्याएवढा तारा असा फुगला कशामुळे?

म्हातारपण. शेगडी आठवा, कोळशाची. आधी मधले कोळसे पेटतात, ते जळून गेले की मधे राख साचते आणि कडेचे कोळसे धगधगायला लागतात. ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजन जुळून हेलियम होतो, ती झाली राख. गाभ्यातला हायड्रोजन संपला की मधे हेलियमचा गोळा राहतो, तो अजून पेटत नाही कारण पुरेसा तापलेला नसतो, आणि त्याच्या भोवतीच्या पातळ थरात हायड्रोजन जळत राहतो.

आता शेगडीत आणि ताऱ्यात फरक असा की ताऱ्यातली राख गप्प पडून राहत नाही, ती स्वतःच्याच भाराने आकसते, आकसली की तापते, आणि तिला चिकटून असलेला थर आधीपेक्षा जोरात जळायला लागतो. एवढी आच आल्यावर बाहेरचे थर फुगतात, फुगून लांब गेले की गार पडतात, गार पडले की केशरी-लाल दिसतात. म्हणून आतून जास्त पेटलेला आणि बाहेरून थंड असा उलटा प्रकार होतो. लोकांना वाटतं तारा विझत चालला म्हणून लाल झाला, तसं नाहीये, तो आयुष्यात कधी जळला नव्हता तेवढा आता जळतोय.

वय किती त्याचं?

सुमारे ७ अब्ज वर्षं, एक-दीड अब्ज इकडे तिकडे. आपला सूर्य ४.६ अब्ज. म्हणजे सूर्याला अजून बराच वेळ आहे, पण तो याच रस्त्याने जाणार, साधारण ५ अब्ज वर्षांनी तोही असाच फुगेल. म्हणून मी गच्चीवर नेहमी म्हणतो की सूर्याचं म्हातारपण बघायचं असेल तर मेमध्ये रात्री डोक्यावर बघा, हुबेहूब नाही पण घराण्याचं नाक तेच.

हुबेहूब का नाही? फरक काय आहे?

घटकांचा. स्वातीत लोखंडासारखी जड मूलद्रव्यं सूर्याच्या तुलनेत एक तृतीयांशच्या आसपास आहेत. जड मूलद्रव्यं आधीच्या पिढ्यांतल्या ताऱ्यांनी तयार केलेली असतात, त्यामुळे जुन्या ताऱ्यात ती कमीच सापडतात.

आणि ती चालते पण वेगळी. सूर्य आणि शेजारपाजारचे बहुतेक तारे आकाशगंगेच्या तबकडीत एकाच प्रवाहात, जरा पुढेमागे करत फिरतायत, स्वाती मात्र आपल्या तुलनेत सेकंदाला १२२ किलोमीटरने तिरकी घुसून चाललीये. सिग्नलला सगळ्या गाड्या सरळ जातायत आणि एक रिक्षा आडवी, मुंबई नाक्यावर दिसतं तसं. तिच्यासारखीच चाल असलेले अजून काही तारे आहेत, १९७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओलिन एगेन यांनी त्यांचा गट दाखवून दिला. काहींच्या मते आपल्या आकाशगंगेने फार पूर्वी एक छोटी दीर्घिका (म्हणजे दुसरी आकाशगंगा) गिळली तिचे हे अवशेष, काहींच्या मते आपल्याच तबकडीत ढवळाढवळ होऊन असे प्रवाह तयार होतात. वाद चालू आहे. मला गिळलेली दीर्घिका आवडते, पण माझ्या आवडीला कोण विचारतंय.

एवढी पळतेय तर जागा बदललेली दिसायला पाहिजे ना?

दिसते, पण एका आयुष्यात नाही. आकाशात तिची सरक वर्षाला २.२८ कंस-सेकंद (एक कंस-सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला जवळपास ८०० वर्षं. निवृत्तिनाथांनी त्र्यंबकला समाधी घेतली ते साल १२९७ धरा, तेव्हापासून आजपर्यंत स्वाती आकाशात चंद्राच्या एका रुंदीला थोडं कमी एवढी सरकलीये. ताऱ्यांच्या मानाने हा वेग प्रचंड आहे, इतके ठळक तारे इतके भरभर सरकणारे फार थोडे.

१७१८ साली एडमंड हॅली (धूमकेतूवालाच) जुन्या ग्रीक नोंदी ताडून बघत होता तेव्हा त्याच्या लक्षात आलं की स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे जुन्या जागेवर नाहीयेत. तोपर्यंत तारे म्हणजे आभाळाला ठोकलेले खिळे असंच धरून चालले होते सगळे.

किती लांब आहे? आपण जो बघतो तो प्रकाश किती जुना?

३६.७ प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून इथवर यायला प्रकाशाला ३६.७ वर्षं लागतात. आता पोहोचणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपल्याकडचा १९९१चा सिंहस्थ अजून व्हायचा होता. त्यानंतर २००३ झाला, २०१५ झाला, तेवढा वेळ तो बिचारा रस्त्यातच.

यावरून एक किस्सा. १९३३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आधीचं तिथलं प्रदर्शन १८९३चं, म्हणजे मधे ४० वर्षं. त्या काळी स्वातीचं अंतर ४० प्रकाशवर्षं धरायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की मागच्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला प्रकाश आत्ता पोहोचतोय, त्यानेच उद्घाटन करू! दुर्बिणीतून स्वातीचा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पाडला, त्यातून आलेला बारीकसा विजेचा इशारा वाढवला आणि त्यावर प्रदर्शनाचे दिवे लागले. अंतराचा आकडा नंतर बदलला, म्हणजे हिशोब तीनेक वर्षांनी चुकलाच, पण आपल्याकडे मंत्र्याच्या हस्ते फीत कापण्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

दुर्बिणीतून चकती दिसेल का?

नाही. साध्या काय आणि महागड्या काय, घरच्या कुठल्याही दुर्बिणीत तो ठिपकाच राहणार. नाशिकहून सरळ रेषेत साताऱ्याला कोणी दहा रुपयांचं नाणं धरून उभं राहिलं तर ते जेवढं दिसेल तेवढी स्वातीची चकती. आकार मोजायला वेगळी युक्ती लागते, लांब लांब ठेवलेल्या आरशांतून येणारा प्रकाश एकत्र करून त्याच्या पट्ट्या बघायच्या. १९२० साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीझ यांनी मृगातल्या काक्षी या ताऱ्याचा व्यास असा मोजला, मग त्याच पद्धतीने स्वातीचाही.

दुर्बिणीची एक जुनी नोंद मात्र झकास आहे, १६३५ मध्ये फ्रान्सच्या मोरँने स्वाती दिवसाढवळ्या बघितली होती, सूर्य वर असताना. तुम्ही करायला जाऊ नका, चुकून सूर्यावर गेली दुर्बीण तर डोळा जाईल.

ग्रह आहेत का भोवती? जोडीचा तारा?

पक्का सापडलेला एकही ग्रह नाही. हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीत एक बारीक जोडीदार असल्याचा संशय आला होता, नंतरच्या निरीक्षणांत तो टिकला नाही.

हा फुटणार का? बातम्यांत ऐकलं होतं तारा फुटणार म्हणून.

ती काक्षी, मृग नक्षत्रातली. २०१९-२० च्या हिवाळ्यात ती अचानक मंद झाली आणि सगळ्या चॅनलवाल्यांनी तिचे बारा-तेरावे उरकून घेतले. ती महाराक्षसी, तिची गोष्ट वेगळी.

स्वातीकडे फुटण्याएवढा मालच नाही, त्याला सूर्याच्या साधारण आठ पट वस्तुमान लागतं. हिचं पुढे असं होईल: गाभा आकसत तापत जाऊन १० कोटी अंशांच्या आसपास पोहोचला की आतली हेलियमची राख एकदम पेटेल. ऐकायला भयंकर, पण स्फोट आतल्या आत जिरतो, बाहेरून काही कळणार नाही, उलट तारा थोडा आकसून काही काळ निवांत होतो. मग तोही हेलियम संपला की परत फुगणार, बाहेरचे थर अवकाशात सोडून देणार आणि शेवटी पृथ्वीएवढा पांढरा खुजा तारा उरणार, जो पुढे नुसता निवत बसेल. (स्वाती आत्ता हेलियम पेटण्याच्या आधीच्या चढावर आहे असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ धरतात.)

माझ्या मुलीचं जन्मनक्षत्र स्वाती आहे, म्हणजे तेव्हा चंद्र या ताऱ्याजवळ होता?

नाही हो. चंद्र ज्या वाटेने फिरतो तिचे सत्तावीस सारखे तुकडे केले, पंधराव्या तुकड्याला नाव स्वातीचं दिलं. तारा स्वतः त्या वाटेपासून ३१ अंश उत्तरेला, म्हणजे तीन मुठी बाहेर. चंद्र तिच्या २५ अंशांच्या आत कधी जातच नाही. चित्रा बघा, ती बरोबर वाटेवर बसलीये, चंद्र तिला अधूनमधून झाकतो सुद्धा. तैत्तिरीय ब्राह्मणात स्वातीला निष्ट्या म्हटलंय आणि निष्ट्य म्हणजे बाहेरचा, परका. नाव ठेवणाऱ्याने वर बघूनच ठेवलं असणार असं मला वाटतं. नुसतं सुंदर नाव म्हणून ठेवलं असेल मुलीचं तर उत्तमच, काही बिघडत नाही.

आणि "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ते?

ते सूर्याचं नक्षत्र. सूर्य साधारण २४ ऑक्टोबरला स्वातीच्या तुकड्यात शिरतो आणि ६ नोव्हेंबरपर्यंत असतो, त्या दिवसांत पडलेला पाऊस तो स्वातीचा पाऊस. शिंपल्यात थेंब पडून मोती होतो ही कल्पना कवींची, शेतकऱ्याच्या म्हणीतला मोती म्हणजे दाणा. परतीचा शेवटचा पाऊस झाला की जमिनीत ओल राहते, हरभरा आणि ज्वारीला ती पुढे पुरते, म्हणून मोती.

पण ही म्हण निफाडकडे जाऊन म्हणू नका. आमच्या मामांचा तिकडे द्राक्षाचा प्लॉट आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झालेली, कोवळे फुटवे निघालेले, घड बाहेर पडतायत, आणि नेमका तेव्हा हा पाऊस आला की डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. एका वर्षी मी उत्साहाने फोनवर म्हटलं, "मामा, स्वातीचा पाऊस पडतोय, मोती पिकणार." पलीकडे औषध फवारायच्या ब्लोअरचा आवाज चालू होता, तो बंद करून शांतपणे म्हणाले, "भाच्या, मोती इकडं आण आणि औषधवाल्याचं बिल त्यात भाग." तेव्हापासून मी त्यांना फक्त ताऱ्याचं सांगतो, पावसाचं नाही.

स्वातीच्या पावसाच्या दिवसांत स्वाती दिसते का?

हा प्रश्न आठवीतल्या पोराने विचारला होता, भारी प्रश्न आहे. सूर्य त्याच बाजूला आल्यावर तारा दिसायलाच नको. पण स्वाती सूर्याच्या वाटेपासून एवढी उत्तरेला आहे की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून ती सूर्याच्या आधी पाऊण तास उगवते आणि सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने मावळते. म्हणजे एकाच दिवशी पहाटे पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला, दोन्हीकडे! संधिप्रकाशात, अगदी क्षितिजाला टेकलेली, त्यामुळे क्षितिज मोकळं लागतं. पहाटेसाठी मी एकदा म्हसरूळच्या पुढे गेलो होतो, सव्वासहाच्या आत ढगांच्या फटीतून दोन मिनिटं दिसली असेल. संध्याकाळी मात्र सात-आठ प्रयत्न केले, प्रत्येक वेळी त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग.

शहरातून दिसते का, की गंगापूर धरणाला जायलाच पाहिजे?

स्वातीसाठी कुठंही जायची गरज नाही. कॉलेज रोडच्या होर्डिंगखाली उभं राहूनही दिसते, सिडकोच्या गल्लीतून दिसते, माथ्यावर असताना तर दोन इमारतींमधल्या फटीतूनही. धरणाकडे किंवा पेठ रोडला पुढे गेलात तर भूतपचे बाकीचे तारे दिसतात, पतंगासारखा आकार आहे आणि त्याच्या खालच्या टोकाला स्वाती, शेजारी उत्तर मुकुटाची अर्धी बांगडी. जायचं तर मेच्या आधी अमावस्येच्या जवळपास जा, आणि रात्री एकटे नका जाऊ.

मोबाइलवर फोटो येतो का?

येतो. नाइट मोड लावा, मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून आकाशाकडे तोंड करून ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फोकस किंचित बिघडवता येत असेल तर बिघडवा, रंग चांगला येतो. आमच्या गच्चीवरच्या फोटोत कोपऱ्यात नेहमी डिश अँटेना येते, आता मी ती काढायचा प्रयत्न पण करत नाही.